आधी बचत की आधी कर्ज? केन्सचं अर्थशास्त्र, व्हिक्टोरिया चिक आणि आपला मराठवाडा

जॉन मेनार्ड केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचं नाव आपल्याला दोनच ठिकाणी भेटतं. एक म्हणजे बी.ए. अर्थशास्त्राच्या पेपरात, जिथं एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढून खाली चार ओळी लिहिल्या की मार्क पदरात पडतात. दुसरं, अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर. तिथं एक जण म्हणतो, मंदी आहे तर सरकारनं हात सैल सोडावा. दुसरा म्हणतो, घर असो की देश, मिळकतीपेक्षा खर्च वाढला की दिवाळं ठरलेलं. या दोन्ही ठिकाणी सांगितला जाणारा केन्स खोटा नसला तरी फार तोकडा आहे. १९३६ साली ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ लिहिताना सरकारनं किती खर्च करावा यापेक्षा मोठा वाद त्याच्या डोक्यात होता. सगळ्या समाजाच्या मिळकतीचा, कामधंद्याचा आणि पैशाचा एकत्र विचार करायचा तर तो कोणत्या पद्धतीनं करायचा, हा तो वाद.

हा पद्धतीचा भाग उकलून दाखवण्यात व्हिक्टोरिया चिक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी जवळजवळ पूर्ण हयात घालवली. त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा, आणि तोही १९३६ सालचाच, म्हणजे बाई आणि तो ग्रंथ एका वयाचे. १९६३ पासून त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवत होत्या. १९८३ साली ‘मॅक्रोइकॉनॉमिक्स आफ्टर केन्स’ हे त्यांचं पुस्तक आलं आणि २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांची उदाहरणं बहुतेक ब्रिटनची आहेत. पण त्यांनी विचारलेले प्रश्न लातूरच्या आडत बाजाराला, बीडच्या ऊसतोडीला किंवा तालुक्याच्या पतसंस्थेला लावून बघितले तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. इथं मी तेच करणार आहे. मराठवाड्याची उदाहरणं माझी, त्यांच्या माथी मारू नयेत.

एका घराचा हिशोब आणि तालुक्याचा हिशोब

सोयाबीन हातचं गेलं की घरात पहिला ठराव होतो तो खर्च आवरण्याचा. दिवाळीला कापडं नकोत, मोटारसायकलचं काम पुढं ढकला, पोरीचं लग्न पुढच्या साली. एका घरापुरतं हे शहाणपणच आहे. आता अख्ख्या तालुक्यानं त्याच आठवड्यात हाच ठराव केला तर काय होईल ते बघा. कापड दुकानदार, शिंपी, गॅरेजवाला, मंडपवाला, वडाप जीपचा ड्रायव्हर, या सगळ्यांची मिळकत आटते, कारण आपला खर्च हीच त्यांची मिळकत होती. मग तेही हात आखडतात. त्यांचा आखडलेला हात फिरून मजुराकडं आणि शेतकऱ्याकडंच येतो. सगळ्यांनी मिळून जेवढं वाचवायचं ठरवलं होतं तेवढं काही वाचत नाही. ज्या मिळकतीतून बचत करायची ती मिळकतच खाली बसलेली असते.

एकट्याला लागू पडणारी गोष्ट सगळ्यांना मिळून लागू पडेलच असं नाही, हा केन्सच्या पद्धतीतला पहिला धडा. ऐकायला सोपा, वापरायला अवघड. जगभरचे अर्थमंत्री तो विसरतात आणि ‘सरकारनंही घरासारखं अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असं भाषणात सांगतात. २०१० साली ब्रिटनमध्ये नव्या सरकारनं कर्ज कमी करण्यासाठी खर्चाला कात्री लावायला घेतली, तेव्हा चिकबाईंनी अर्थतज्ज्ञ ॲन पेटिफर यांच्यासोबत ब्रिटनची सुमारे शंभर वर्षांची आकडेवारी काढून बसायचं ठरवलं. त्यांना दिसलं ते असं: ज्या काळात सरकारी खर्चाला कात्री लागली त्या काळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचा बोजा बहुधा वाढला, आणि खर्च वाढला तेव्हा तो हलका झाला. कारण वरच्या तालुक्यासारखंच. खर्च कापला की उत्पन्न कापलं जातं, उत्पन्न कापलं की कर गोळा होत नाही.

या निष्कर्षावर वाद घालायला जागा आहे. दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही. चांगले दिवस आले की खर्चही वाढतो आणि बोजाही हलका होतो असंही असू शकतं. पण ‘घरासारखा देश’ हे वाक्य इतक्या सहज फेकता येणार नाही, एवढं त्या दोघींनी पक्कं केलं.

आकृतीत काळ नसतो

परीक्षेतल्या त्या दोन रेषा केन्सच्या नव्हेत. ‘जनरल थिअरी’ आल्यावर वर्षभरात, १९३७ साली, जॉन हिक्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं त्या ग्रंथाचं सार एका आकृतीत बसवलं. एक रेषा मालाच्या बाजाराची, दुसरी पैशाच्या बाजाराची. दोन्ही जिथं मिळतात तिथं व्याजदर आणि उत्पन्न ठरलं. शिकवायला इतकी सोयीची की पुढं कित्येक पिढ्यांना केन्स म्हणजे ही आकृती असंच वाटलं. खुद्द हिक्स उतारवयात तिच्याबद्दल साशंक झाले, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

चिकबाईंची तक्रार अशी की या आकृतीत सगळं एकाच क्षणी ठरतं. आधी काय, नंतर काय, कशामुळं काय, हे तिच्यात दिसतच नाही. केन्सच्या ग्रंथात मात्र काळ पुढं सरकत राहतो. उत्पादक आज निर्णय घेतो, माल उद्या तयार होतो, भाव परवा कळतो. निर्णय घेताना त्याच्या हातात फक्त अंदाज असतो आणि किती माणसं कामाला लावायची ते त्या अंदाजावर ठरतं. भाव पडल्यावर ‘तुझा अंदाज चुकला’ असं कुणी म्हटलं तरी बी जमिनीत गेलेलं असतं, मजुरी देऊन झालेली असते.

हे ब्रिटिश कारखानदाराबद्दल लिहिलंय, पण वाचताना डोळ्यांपुढं जूनमधला सोयाबीनवाला शेतकरीच येतो. १९९२ च्या एका निबंधात चिकबाईंनी हाच गुंता हाती घेतला होता: भाव ठरवण्याची ताकद नसलेला लहान उत्पादक अनिश्चिततेत निर्णय घेतो तरी कसा? पाठ्यपुस्तकातला ‘पूर्ण स्पर्धे’तला उत्पादक भाव आधीच ठाऊक असल्यासारखा वागतो. पण उत्पादनाला वेळ लागत असेल, तर जो भाव ठरवू शकत नाही त्याला तो आधी कळणार कुठून? मोठी कंपनी निदान किंमत छापून माल विकते. लहानाला बाजाराच्या तोंडाकडं बघत बसावं लागतं.

आता अनिश्चितता म्हणजे काय, हे जरा नीट बघू, कारण केन्सचा जीव इथं आहे. १९२१ साली त्यानं संभाव्यतेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि १९३७ च्या एका लेखात तो स्पष्टच म्हणाला की काही गोष्टींची शक्यता मोजायला शास्त्रीय आधारच नसतो. फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता सांगता येते. वीस वर्षांनी तांब्याचा भाव काय असेल, हे सांगता येत नाही.

मराठवाड्यात या दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदतात. पाऊस लहरी खराच, पण शंभर वर्षांच्या नोंदी आहेत. दहा सालांत किती वेळा ताण पडतो याचा काही अंदाज बांधता येतो आणि पीक विमा त्याच आधारावर उभा राहतो. सोयाबीनचा भाव मात्र दुसऱ्या जातीचा. ऑगस्ट २०२१ मध्ये तो क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्याच महिन्यात केंद्रानं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली आणि नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर सगळे अधिभार धरून साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला, तरी त्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव कित्येकांना बाजारात दिसला नाही. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, तोच कर पुन्हा साडेसोळावर आणला. आणि त्या साली सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पीकच वाहून गेलं ते वेगळंच. दिल्लीत पुढच्या वर्षी कोणती अधिसूचना निघेल, याची टक्केवारी कोणता गणिती काढून देणार?

ज्याची शक्यता मोजता येत नाही त्याच्यापुढं माणूस काय करतो? शेजारी काय पेरतोय ते बघतो, गेल्या सालचा भाव धरून चालतो, नाहीतर पैसा हातात ठेवून थांबतो. केन्सनं वर्णन केलेले हेच मार्ग आहेत. तिसरा सर्वांत घातक. मोठे गुंतवणूकदार एकाच वेळी पैसा मोकळा ठेवून थांबले की मंदी येते, आणि ती कुणाच्या मूर्खपणामुळं आलेली नसते.

पतसंस्था आणि मोठी बँक

बँक काय करते, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: लोक पैसे ठेवतात, बँक तेच दुसऱ्याला व्याजानं देते. म्हणजे आधी बचत, मग कर्ज, मग त्या कर्जातून धंदा. केन्सच्या आधीचं अर्थशास्त्र याच क्रमावर उभं होतं. केन्सनं क्रम फिरवला. आधी गुंतवणूक होते, तिच्यातून लोकांची मिळकत वाढते आणि त्या मिळकतीतून बचत तयार होते. यातलं खरं कोणतं, यावर अर्थशास्त्रज्ञांनी ढीगभर कागद खर्ची घातला.

चिकबाईंचा १९८६ चा निबंध मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत आवडतो, कारण त्यांनी प्रश्नच बदलला. दोन्ही बाजू आपापल्या काळापुरत्या बरोबर आहेत, असं त्या म्हणाल्या. मधल्या काळात बँकाच बदलल्या. बँकिंगच्या वाढीच्या त्यांनी पायऱ्या लावल्या. पहिल्या पायरीवर बँका लहान, लोकांचा भरवसा बेताचा, आणि ठेव म्हणजे निव्वळ बाजूला ठेवलेली बचत. ठेवीनं देणं भागवता येत नाही. आधी नोटा काढाव्या लागतात. अशा बँकेनं कर्ज दिलं की तिच्या तिजोरीतली रोकड तेवढी कमी होते. त्यामुळं तिला आधी ठेवी गोळा कराव्याच लागतात. दुसऱ्या पायरीवर लोक ठेवीनंच देणी भागवू लागतात. इथं मोठा पालट होतो. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा ती कुणाच्या ठेवीतून रक्कम उचलत नाही, कर्जदाराच्या खात्यावर आकडा जमा करते. तो आकडाच पैसा म्हणून फिरतो आणि कुणाच्या तरी खात्यात ठेव म्हणून जाऊन बसतो. कर्जानं ठेव जन्माला घातली. पुढं बँका एकमेकींना उसने देऊ लागतात, मग अडीनडीला मध्यवर्ती बँक पाठीशी उभी राहते, मग बँका धंदा वाढवण्यासाठी स्वतःच ठेवींच्या मागं लागतात. प्रत्येक पायरीला कर्ज देण्यावरचं बचतीचं बंधन सैल होत जातं. म्हणून बँक हवं तेवढं कर्ज वाटू शकते असं नाही. स्वतःचं भांडवल, कर्जदाराची ऐपत आणि रिझर्व्ह बँकेचा व्याजदर यांचं कुंपण राहतंच.

चिकबाईंनी पायऱ्या काळानुसार लावल्या: आधी ही, मग ती. मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मात्र त्या एकाच रस्त्यावर एकदम दिसतात.

बसस्टँडजवळची पतसंस्था घ्या. तिचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी टपरीवाल्याकडून पन्नास-शंभर गोळा करतो. त्या पतसंस्थेचं पासबुक दाखवून कृषी सेवा केंद्रातून बियाण्याची बॅग मिळत नाही. तिनं दोन लाखांचं कर्ज दिलं तर ते दुसऱ्या बँकेत खातं असलेल्या दुकानदाराकडं जातं आणि पतसंस्थेची शिल्लक दोन लाखांनी घटते. ती पहिल्या पायरीवर आहे; तिच्यासाठी जुनं अर्थशास्त्रच खरं. तिच्या मागं रिझर्व्ह बँक नाही, पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना बँकांत जे विमा संरक्षण असतं तेही नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडं अशा संस्थांच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्यात माणसांची लबाडी होतीच. पण रचनाही अशी की कुजबुज सुरू झाली तर प्रामाणिक संस्थाही तग धरणं कठीण. वर ‘जास्त व्याज देतो’ म्हणून ठेवींच्या मागं धावण्याची तिची रीत मात्र पाचव्या पायरीची. पाया पहिल्या पायरीचा आणि हाव पाचव्या पायरीची, असा हा प्रकार आहे.

चार दुकानं सोडून राष्ट्रीयीकृत बँक. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘एसबीएच’ आहे. निजामाच्या राज्यात १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक म्हणून ती सुरू झाली, संस्थानाच्या स्वतःच्या उस्मानिया शिक्क्याचा, म्हणजे हाली नाण्याचा, कारभारही तिच्याकडं होता, आणि २०१७ मध्ये ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. या बँकेतली ठेव म्हणजे पैसाच. यूपीआय आल्यापासून तर चहाचे दहा रुपयेही खात्यातून खात्यात जातात, नोट मध्ये येतच नाही. या बँकेसाठी केन्सचा क्रम खरा.

ऊसतोडीत हे लख्ख दिसतं. पावसाळ्यात साखर कारखाना तोडणी-वाहतुकीसाठी बँकेकडून कर्ज उचलतो. त्यातून मुकादमाला रक्कम जाते, मुकादम बीड, धारूर, पाटोद्याच्या वाड्या-तांड्यांवर फिरून एकेका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. त्या उचलीतून दवाखाना भागतो, किराण्याची उधारी फिटते, लग्न निघतं. कोयता चालतो दिवाळीनंतर आणि साखर विकली जाते त्याच्याही पुढं. या साखळीत सुरुवातीला कुणाची बचत आहे? बँकेनं कारखान्याच्या खात्यावर आकडा टाकला तिथून गोष्ट सुरू झाली. उत्पन्न मागून येतं आणि बचत त्याच्याही मागून, तीही बहुतेक कोयत्याच्या वाट्याला येतच नाही. वरच्या टोकाला जे बँकेचं साधं कर्ज असतं ते खालच्या टोकाला पोचेपर्यंत माणसाला अडकवणारी बाकी होतं, हेही या साखळीत वाचता येतं. केन्सच्या चौकटीत ही गोष्ट मावत नाही. तिथं सगळे मजूर सारखेच असतात.

बांध कुठं घालायचा

इतक्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या असतील तर विचार करायचा कसा? सगळंच सगळ्यावर अवलंबून आहे म्हटलं तर पानभर लिहिता येणार नाही. चिकबाईंनी शीला डाऊ या अर्थशास्त्रज्ञ बाईंसोबत यावर बरंच लिहिलं. २००५ सालचा त्यांचा एक लेख याच प्रश्नावर आहे. अर्थव्यवस्था ही खुली रचना आहे, असं त्या मानतात. तिच्या सीमा पक्क्या नाहीत, तिच्यात काय काय घडू शकतं याची यादी आधी करता येत नाही, आणि आतली माणसं अनुभवानं वागणं बदलतात. पण विचारासाठी काही गोष्टी घटकाभर स्थिर धराव्याच लागतात. शेतात पाणी जिरवायला आपण बांध घालतो, तसाच हा प्रकार. बांध गरजेचा आहे. पण तो आपण घातलाय, निसर्गानं नाही, हे लक्षात ठेवावं लागतं, आणि पीक सडायच्या आत फोडावाही लागतो. केन्स हे करत होता, असं चिकबाईंचं वाचन आहे: एका प्रकरणात मजुरी स्थिर धरायची, पुढच्यात ती मोकळी सोडायची. टीकाकारांनी एकच प्रकरण उचललं आणि म्हणाले, याचा सिद्धांत मजुरी हलत नाही या गृहीतावर उभा आहे.

या नजरेनं पाहिलं की आपल्याकडच्या एका जुन्या वादालाही अर्थ येतो. केन्सचं पहिलं पुस्तक १९१३ सालचं, आणि ते भारताच्या चलनावर होतं. त्यात त्यानं इथल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीची, म्हणजे देशात सोन्याची नाणी न फिरवता रुपया ठरावीक दरानं सोन्याशी बांधलेल्या पौंडाला जोडण्याच्या पद्धतीची, बाजू घेतली. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्याला विरोध केला. त्यांचा रोख असा की या पद्धतीत रुपये पाडण्याचा हात सरकारला मोकळा राहतो, रुपया उतरतो, आणि महागाईची झळ गरिबाला बसते. केन्सनं पद्धतीची काटकसर बघितली, बाबासाहेबांनी ती कुणाच्या हातात आहे ते बघितलं. संभाजीनगरच्या ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे तिथं केन्स शिकवताना हा वाद सोबत शिकवायला हवा, असं माझं मत आहे.

१९७२ आणि रोजगार हमी

स्वातंत्र्यानंतर केन्स जसाच्या तसा भारताला लावावा का, हा प्रश्न आलाच. केंब्रिजमध्ये शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली सांगितलं की लावू नये. केन्सचा हिशोब चालतो तो कारखाने बंद, यंत्रं रिकामी आणि मजूर घरी बसलेले असतात तिथं. खर्च वाढला की यंत्रं फिरू लागतात, माल वाढतो. आपल्याकडं शेतीचं उत्पन्न पैसा ओतला म्हणून लगेच वाढत नाही, त्यामुळं मागणी वाढली तर धान्य तेवढंच राहील आणि भाव चढतील. हे म्हणणं बिनतोड वाटतं, आणि खूप ठिकाणी खरंही आहे.

मग १९७२ आलं. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला किंवा कसायाला गेली. महाराष्ट्र सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. लाल मिलो आणि सुकडीच्या आठवणी अजून घराघरांत निघतात. रावांचा हिशोब धरला तर हाती मजुरी येऊन फक्त भाव भडकायला हवे होते. भाव चढलेही. पण मजुराच्या हातात रोकड आली म्हणून जिथं ज्वारी पिकली नव्हती तिथं बाहेरचं धान्य येऊ लागलं. उपाशी माणसाची गरज बाजाराला दिसत नाही. त्याच्या हातात पैसा आला की मगच ती मागणी होते, आणि हे केन्सच्या सिद्धांताचं मूळ आहे. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा पुढं अभ्यास केला तेव्हा दुष्काळी कामांवरच्या मजुरीचं महत्त्व त्यांनी ठळक मांडलं. रावांचा बांध देशाभोवती घातला तर निष्कर्ष वेगळा, जिल्ह्याभोवती घातला तर वेगळा.

या कामांमागचा विचार अचानक सुचलेला नव्हता. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच दारिद्र्यावरचा उपाय म्हणून सार्वजनिक कामांची योजना मांडली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्याचा पैसा मोठ्या प्रमाणात व्यवसाय करातून यायचा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या खिशातून. पगारदार त्यातला काही भाग बाजूला टाकणार होता. खडी फोडणारा सगळाच खर्च करणार. सरकारची तूट न वाढवताही मागणी वाढते ती अशी. पागे यांनी केन्स डोळ्यांपुढं ठेवला होता असं मला म्हणायचं नाही.

या पैशाचं पुढं काय होतं, हे मात्र गावाच्या रचनेवर आहे. समजा गावात मजुरीचे १०० रुपये आले. त्यातले ३० गावातच खर्च झाले, दूध, भाजी, शिंपी, पिठाची गिरणी यांवर, आणि प्रत्येक फेरीत पुन्हा ३० टक्के गावात राहिले, तर शेवटी गावाची एकूण मिळकत १४३ रुपयांच्या आसपास वाढते. गावात राहणारा वाटा ६० टक्के असता तर तीच मिळकत २५० झाली असती. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण फरक खरा आहे. मराठवाड्यातल्या गावात साबण, तेल, मोबाइल रिचार्ज, औषधं, खतं सगळं बाहेरून येतं. म्हणून ‘गावात एवढा पैसा येऊनही काही दिसत का नाही’ या नेहमीच्या प्रश्नाचा मोठा भाग पैसा गावात किती फेऱ्या मारतो यात आहे, आणि आपण सगळी चर्चा फक्त किती खाल्ला यावर संपवतो. खाल्लेलाही असतोच.

दुसरी गोष्ट काळाची. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानं मजुरी १५ दिवसांत देण्याचं बंधन घातलं होतं. आकृतीत मजुरी मिळाली की मिळाली. पण एप्रिलच्या मस्टरची मजुरी मेमध्ये मिळाली तर तिच्यातून बियाणं येतं, बाजारात नवी मागणी तयार होते. तीच ऑगस्टमध्ये मिळाली तर तोवर पेरणीसाठी सावकाराकडून किंवा कृषी केंद्रातून उधारी झालेली असते. मजुरी ती फेडण्यात जाते आणि वर व्याजही जातं. वर्षअखेर जिल्ह्याच्या अहवालात दोन्ही मजुऱ्या एकाच रकान्यात, एकाच आकड्यानं लागतात.